गॅल्व्हेस्टनची वादळरात्र

सप्टेंबर महिन्याच्या ८ व्या तारखेचें महत्त्व आपणां ख्रिस्ती मंडळींस निराळें सांगावयास नको. तो पवित्र मातेच्या जन्माचा सण. वांद्र्याच्या डोंगरावरील मोतमाउलीची यात्रा ह्याच सणास धरून भरते, आणि किनाऱ्यावरच्या गांवोगांवचे आपले लोक तिकडे लोटतात. सन १९०० मध्यें हा सण शनिवारीं आला होता. आणि त्याच शनिवारीं रात्रीं, पृथ्वीच्या दुसऱ्या अंगास, उत्तर अमेरिकेंतील टेक्सस प्रांताचें गॅल्व्हेस्टन नांवाचें भरभराटलेलें बंदर समुद्रानें धुऊन नेलें. त्या एका रात्रींत कमींत कमी सहा हजार, व बहुतेक इतिहासकारांच्या मतें आठ हजारांच्या आसपास, माणसें मेलीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत निसर्गाच्या कोपानें इतकी प्राणहानि पूर्वीं कधीं झाली नव्हती आणि पुढेंही आजतागायत झालेली नाहीं.

ह्या वादळाचे वृत्तान्त पुष्कळ लिहिले गेले आहेत. वाऱ्याचा वेग, पाण्याची उंची, प्रेतांची गणती हें सारें त्यांत सांपडतें. आम्हांला मात्र त्यांतील एकच गोष्ट शोधून वाचकांपुढें ठेवावयाची आहे : ती रात्र त्या शहरांतल्या माणसांनीं कोणाच्या छपराखालीं काढली? स्वतःच्या घरांत ती काढणारे थोडे होते. आणि ज्यांनीं ती स्वतःच्या घरांत काढली, त्यांच्या घरांत शेजारपाजारचे लोक दाटीवाटीनें भरलेले होते.

प्रथम शहराची ठेवण ध्यानांत घेतली पाहिजे. गॅल्व्हेस्टन हें मेक्सिकोच्या आखातांतील वाळूचें एक लांबट व चिंचोळें बेट आहे. लांबी सुमारें २७ मैल. रुंदी अगदींच थोडी. शहर पूर्वेच्या टोकाशीं वसलेलें; दक्षिणेस उघडें आखात, उत्तरेस बेट व मुख्य भूमि ह्यांमधील खाडी. शहरांतील सर्वांत उंच जागासुद्धां समुद्रसपाटीपासून नऊ फुटांच्या आंतच होती. लोकवस्ती सुमारें ३८ हजार. कापसाच्या निर्गतीवर पैसा अमाप आलेला. विजेचे दिवे, ट्राम, टेलिफोन हीं सर्व आधुनिक सुखें तेथें होतीं. त्याच किनाऱ्यावरचें इंडियानोला नांवाचें बंदर १८७५ व १८८६ अशा दोन वादळांत उद्ध्वस्त होऊन कायमचें ओस पडलें होतें. त्यामुळें समुद्रास भिंत घालावी असें गॅल्व्हेस्टनमधील कांहीं शहाणे लोक म्हणूं लागले होते. परंतु सरकारी वेधशाळेचा तेथील अधिकारी आयझॅक क्लाईन ह्यानें १८९१ सालीं स्थानिक वर्तमानपत्रांत लेख लिहून, वादळापासून ह्या शहरास मोठा धोका आहे ही समजूत निव्वळ भ्रम होय, असें प्रतिपादन केलें. पैसा वांचला, भिंत झाली नाहीं.

येथें आपल्या वाचकांस अभिमान वाटावा आणि त्याबरोबर खेदही व्हावा, अशी एक हकीकत सांगावी लागते. क्यूबा बेटावर हवाना शहरीं येशूसंघीयांचें बेलेन नांवाचें विद्यालय होतें व त्यास जोडून एक वेधशाळा होती. फादर बेनीतो विन्येस ह्यांनीं १८७० पासून १८९३ सालीं मरण पावेपर्यंत तेथें राहून, उंच ढगांच्या चालीवरून व वायुभाराच्या चढउतारावरून वादळाची वाट आधींच ओळखण्याचें शास्त्र चिकाटीनें उभें केलें. त्यांच्यामागें तें काम फादर लोरेन्सो गांगोइते ह्यांजकडे आलें. १९०० सालीं क्यूबा अमेरिकन लष्कराच्या अमलाखालीं होतें. अमेरिकन वेधशाळेच्या वरिष्ठांस क्यूबांतील हे जाणते लोक उगाच घाबरवणारे वाटत; म्हणून त्यांनीं सरकारी तारांतून क्यूबन वेधशाळांचे हवामानाचे संदेश पाठविण्यास ऑगस्ट महिन्यांत बंदी करविली. सप्टेंबरच्या आरंभीं वादळ क्यूबावरून गेलें, तेव्हां तें आखातांत शिरून बळावेल व टेक्ससच्या रोखानें जाईल, असा फादर गांगोइते ह्यांचा कयास होता. अमेरिकन वेधशाळेनें तें फ्लोरिडाकडून वळून अटलांटिक किनाऱ्यानें उत्तरेस जाईल असें छापलें. ज्यांना तें वादळ भोगावयाचें होतें, त्यांच्यापर्यंत हवानाचा शब्द पोंचलाच नाहीं. शुक्रवारीं गॅल्व्हेस्टन येथें वादळाचें निशाण चढलें खरें. पण निशाणें त्या शहरानें पूर्वींही पाहिलीं होतीं.

शनिवारीं सकाळीं समुद्रालगतच्या रस्त्यांवर पाणी आलें. मुलें त्यांत खेळूं लागलीं. बायका दारांत उभ्या राहून गंमत पाहत होत्या. कित्येक लोक तर ट्राममध्यें बसून लाटांचा देखावा पाहावयास मुद्दाम किनाऱ्यावर गेले. वारा त्या वेळीं उत्तरेचा होता, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा. अशा वाऱ्यानें समुद्र मागें हटावयास पाहिजे. परंतु तो पुढेंच येत होता. हें चिन्ह भयंकर होतें. एका बाजूनें वारा खाडीचें पाणी शहरांत लोटीत होता, दुसऱ्या बाजूनें आखात आपण होऊन चढत होतें, आणि दुपारपर्यंत दोन्ही पाणीं शहराच्या मध्यावर एकमेकांस मिळालीं. मुख्य भूमीकडे जाणारे पूल पडले. त्या घटकेपासून ३८ हजार माणसांना परस्परांच्या घरांवांचून दुसरा आसरा उरला नाहीं.

आपल्याकडे ३ जून २०२० रोजीं रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या ‘निसर्ग’ वादळांत लोकांनीं पाहिलें तें मुख्यतः वाऱ्याचें सामर्थ्य : पत्रे उडाले, नारळीपोफळीच्या बागा आडव्या झाल्या. गॅल्व्हेस्टनला मारलें तें पाण्यानें. वारा पूर्वेकडे व नंतर दक्षिणेकडे वळला, तेव्हां आतांपर्यंत त्यानें अडवून धरलेला समुद्र एकदम मोकळा झाला. क्लाईन ह्याच्या कथनाप्रमाणें संध्याकाळीं साडेसातच्या सुमारास त्याच्या दाराशीं पाणी चार सेकंदांत चार फूट चढलें. एकंदर चढ पंधरा फुटांहून अधिक होता. आणि शहराची उंची, वर सांगितल्याप्रमाणें, फार तर नऊ फूट. वायुवेगमापक यंत्र संध्याकाळीं सव्वासहाच्या सुमारास ताशीं शंभर मैलांची नोंद करून उडून गेलें. त्यापुढचा वेग कोणीं मोजला नाहीं. त्यांतच छपरावरचीं पाटीच्या दगडाचीं कौलें सुऱ्यांसारखीं भिरभिरत येऊन रस्त्यांतील माणसांचीं डोकीं फोडूं लागलीं. हीं कौलें १८८५ च्या मोठ्या आगीनंतर, पुन्हां आग लागूं नये म्हणून, घालण्यांत आलीं होतीं. मागच्या संकटावरचा उपाय पुढच्या संकटांत शस्त्र व्हावा, असें त्या रात्रीं एकदां नव्हे, दोनदां घडलें. दुसऱ्या खेपेची कथा पुढें येईल.

लोक घर कसें निवडीत होते? बहुधा दुमजली, विटांचें, रस्त्यांत सर्वांत भक्कम दिसणारें. आधीं शेजारी येत. मग शेजाऱ्यांचे शेजारी. मग अंधारांत ओंडक्यांवरून वाहत आलेले अनोळखी. दार ठोठावणाऱ्यास परत लावल्याची हकीकत आमच्या तरी वाचनांत आली नाहीं. घरांत शिरलेल्या पुरुषांस पहिलें काम हें असे कीं, कुऱ्हाड घेऊन दिवाणखान्याच्या लांकडी जमिनीला भोंकें पाडावयाचीं. गालिचे गुंडाळून ठेवलेल्या त्या चकचकीत फळ्यांवर घरधन्यानें स्वतःच्या हातानें घाव घालावयाचे आणि समुद्रास आंत घ्यावयाचें. कारण पाणी आंत आलें नाहीं तर लांकडाचें घर होडीसारखें पायावरून उचललें जाईल. पाणी आंत आलें म्हणजे सर्वांनीं जिन्यानें वर जावयाचें, आणि जिन्याच्या पायऱ्या एकामागून एक बुडतांना मोजीत बसावयाचें. खिडक्या फुटल्या कीं कपाटांचीं व खोल्यांचीं दारें काढून, त्यांना पाठ लावून पुरुष उभे राहत. कोणी जपमाळ म्हणे, कोणी स्तोत्र म्हणे. ज्याला कांहींच म्हणतां येत नसे तो दाराला पाठ लावी.

पंचविसाव्या रस्त्याजवळच, समुद्रापासून थोड्या गल्ल्यांवर, स्वतः आयझॅक क्लाईनचें घर होतें. तें मजबूत बांधलेलें म्हणून आसपासचे सुमारें पन्नास लोक त्यांत जमले. त्याचा धाकटा भाऊ जोसेफ हाही त्याच खात्यांत नोकरीस होता. त्याचें म्हणणें पडलें कीं, वेळ आहे तोंच सर्वांनीं शहराच्या मध्यभागीं जावें. पण घरांत गृहिणी गरोदर व आजारी. क्लाईननें घर सोडलें नाहीं. घर पाण्यास टिकलें असतें असें दिसतें. परंतु किनाऱ्यावरून जाणाऱ्या ट्रामच्या पुलाचा एक प्रचंड सांगाडा, रुळांसकट, लाटांबरोबर पुन्हां पुन्हां येऊन भिंतीवर आदळूं लागला, आणि साडेआठच्या सुमारास घर उलथलें. पन्नासांपैकीं अठराच्या आसपास वांचले. क्लाईन, त्याचा भाऊ व तिन्ही मुली एका तराफ्यावर कित्येक तास वाहत राहिल्या. पत्नी कोरा बुडाली. तिचें प्रेत सप्टेंबरच्या अखेरीस मिळालें. त्या दिवशीं सकाळीं आपण किनाऱ्यावर घोडागाडी नेऊन लोकांस सावध केलें, असें क्लाईननें पुढें लिहिलें. त्याविषयीं आतांचे इतिहासकार शंका घेतात. आम्हांस त्या वादांत पडावयाचें नाहीं. ज्यानें भिंत नको म्हटलें त्याच्या भिंतीवर पन्नास शेजाऱ्यांनीं विश्वास टाकला, एवढेंच नमूद करून पुढें जाऊं.

त्याच बाजूस, थोडा आंतल्या अंगाला, उर्सुलाईन धर्मभगिनींचा मठ होता. ह्या भगिनी १८४७ सालीं न्यू ऑर्लिन्सहून ह्या बेटावर आल्या होत्या. यादवी युद्धांत त्यांनीं आपल्या शाळेचें इस्पितळ करून दोन्ही पक्षांच्या जखमींची शुश्रूषा केली होती, पीतज्वराच्या सांथींतही त्या हटल्या नव्हत्या. म्हणून ते दरवाजे शहराच्या ओळखीचे होते. मठाभोंवतीं दहा फूट उंचीची विटांची भिंत होती. शनिवारीं दुपारपासून लोक येऊं लागले, आणि मदर जोसेफ डालमर ह्यांनीं येईल त्यास आंत घेण्याची आज्ञा दिली. अंधार पडल्यावर भोंवतालची भिंत ढासळली. मग भगिनींनीं खिडक्यांतून दोर व काठ्या सोडून, वाहत जाणारीं माणसें आंत ओढण्यास सुरुवात केली. रात्र संपेपर्यंत त्या छपराखालीं सुमारें एक हजार माणसें होतीं : कॅथलिक व बिगरकॅथलिक, धनिक व मजूर, गोरे व काळे. ह्या शेवटच्या दोन शब्दांचें वजन आज ध्यानांत येणें कठीण आहे. त्या काळीं त्या प्रांतांत काळ्यांच्या शाळा निराळ्या, वस्त्या निराळ्या. त्या रात्रीं मात्र व्हरांड्यांत व वर्गांत जेथें जागा मिळेल तेथें सर्व एकत्र बसले.

मठांतील एक प्रसंग वृत्तान्तांत येतो. घाबरलेल्या जमावानें मोठमोठ्यानें गाण्यास व आक्रोश करण्यास आरंभ केला, तेव्हां मदर जोसेफ ह्यांनीं प्रार्थनामंदिराची घंटा वाजवून शांतता करविली व सांगितलें कीं, प्रार्थना अंतःकरणांतून करावी, देवाला ती ऐकूं जाते. कोणास हें कठोर वाटेल. परंतु एक हजार माणसें एका घरांत असतां भीति एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडीं किती वेगानें जाते, हें ज्यानें गर्दी पाहिली आहे त्यास उमजेल. त्याच रात्रीं, ज्या कोठड्यांत भगिनींखेरीज इतर कोणाचें पाऊल पडत नसे, त्या कोठड्यांत चार स्त्रिया प्रसूत झाल्या. उजाडेपर्यंत कोणी जगेल असा भरंवसा नव्हता, म्हणून त्या चारही बालकांस लागलीच स्नानसंस्कार देण्यांत आला. ज्या तारखेस पवित्र मातेचा जन्म साजरा होतो त्या तारखेचीं तीं बालकें.

आतां वर राखून ठेवलेली कथा. १८६७ सालच्या पीतज्वरानें अनेक मुलें पोरकीं झालीं; त्यांच्यासाठीं शब्ददेहधारी प्रभूच्या दयाभगिनींनीं अनाथालय काढलें. पुढें शहरांतील रोगट हवेपासून मुलें सुरक्षित राहावीं म्हणून तें १८७४ सालीं शहराबाहेर सुमारें तीन मैलांवर, थेट समुद्रकिनारीं, नेण्यांत आलें. १९०० सालीं तेथें ९३ मुलें व दहा भगिनी होत्या. त्या शनिवारीं सकाळीं सिस्टर एलिझाबेथ रायन ह्या शिधा घेण्यास शहरांतील इस्पितळांत आल्या होत्या. वादळ ओसरेपर्यंत थांबा, असा तेथील मदर गॅब्रिएल ह्यांनीं आग्रह केला. मी गेलें नाहीं तर मुलांना रात्रीं जेवावयास मिळणार नाहीं, असें सांगून सिस्टर एलिझाबेथ गाडी घेऊन परत गेल्या.

अनाथालयाला शेजार असा नव्हताच. होता तो वाळूच्या टेकड्यांचा, आणि त्या टेकड्या दुपारींच विरघळूं लागल्या. मदर कामिलस ट्रेसी ह्यांनीं सर्वांस आधीं प्रार्थनामंदिरांत व मग मुलींच्या वसतिगृहांत नेलें, कारण ती इमारत नवी व अधिक बळकट होती. मुलांचें मन रमावें म्हणून भगिनींनीं त्यांच्याकडून ‘लाटांची राणी’ हें मरियेचें गीत म्हणवून घेतलें. पाणी चढूं लागलें तेव्हां नोकरांकडून धुणें वाळत घालण्याच्या दोऱ्या आणवून, प्रत्येक भगिनीनें सहा ते आठ मुलें आपल्या कमरेच्या दोरास बांधून घेतलीं. प्रथम मुलांचें वसतिगृह कोसळलें. मग ह्याही इमारतीचें छप्पर खालीं आलें. ९० मुलें व दहाही भगिनी गेल्या. तीन मोठीं मुलें तेवढीं पाण्यांत एका झाडाला धरून राहिलीं व वांचलीं; आंतील हकीकत जगास कळली ती त्यांच्याच तोंडून. दोर नसता तर कांहीं अधिक मुलें वांचलीं असतीं काय, असें पुढें कोणी कोणी विचारलें आहे. दोर बांधतांना त्या भगिनींच्या मनांत असा हिशेब असणें शक्य नव्हतें. पुढें ढिगाऱ्यांत त्यांचीं प्रेतें मिळालीं, तेव्हां मुलें तशींच बांधलेलीं होतीं.

खाडीच्या तोंडापलीकडे बोलिव्हर येथील दीपगृहांत सुमारें १२५ माणसें नागमोडी लोखंडी जिन्याच्या पायऱ्यांवर रात्रभर बसून वांचलीं. बोमोंटहून आलेली एक आगगाडी जवळच पाण्यांत अडकली होती. तिच्यांतील दहा उतारू कमरभर पाण्यांतून दीपगृहापर्यंत चालत गेले. डब्यांतच बसून राहिलेले सुमारें ८५ जण बुडाले.

शहर सबंध कां गेलें नाहीं, ह्याचें कारण मात्र निराळें आहे, आणि तें ऐकून मन सुन्न होतें. समुद्राकडील पहिल्या ओळींचीं घरें पडलीं; त्यांच्या तुळया, छपरें, जिने, पियानो, पलंग लाटांनीं पुढें लोटून दुसऱ्या ओळीवर आदळले; ती पडली; तिचा ढिगारा तिसऱ्या ओळीवर गेला. अशा रीतीनें ३,६०० च्या वर घरें मोडून, दुमजली घराएवढ्या उंचीचा ढिगाऱ्याचा एक बांध शहराच्या आडवा तयार झाला आणि लाटांचा मारा त्यानें अडविला. नऊ वर्षांपूर्वीं जी भिंत नको ठरली, ती अशी एका रात्रींत बांधली गेली. त्या बांधाच्या उत्तरेस जे वांचले ते, त्यांना ठाऊक असो वा नसो, समुद्राकडील शेजाऱ्यांच्या घरांच्या आडोशानें वांचले.

रविवार उजाडला तो स्वच्छ व शांत. येशूसंघीयांचें पवित्र हृदयाचें भव्य देऊळ, १८९२ सालीं उभारलेलें, भग्न झालें होतें. कॅथीड्रल उभें होतें. त्याची जड घंटा खालीं पडली होती, पण मनोऱ्यावरची समुद्रतारा मरियेची मूर्ति जागच्या जागीं होती. एक लहान बोट निरोप्यांना घेऊन मुख्य भूमीकडे निघाली, आणि सोमवारीं पहाटे जगाला बातमी कळली.

येथपर्यंत लिहून थांबलें असतें तर लेख गोड झाला असता. पण इतिहासाला तें धरून होणार नाहीं. सोमवारीं हजारों प्रेतांचें काय करावयाचें हा प्रश्न उभा राहिला. सुमारें ७०० प्रेतें एका पडावावर चढवून समुद्रांत सोडावयाचें ठरलें, आणि त्या कामास सुमारें ५० काळ्या मनुष्यांस बंदुकांच्या धाकानें नेण्यांत आलें. काम सहन व्हावें म्हणून त्यांना दारू पाजण्यांत आली. वजनें बांधलेलीं तीं प्रेतें लाटांनीं पुन्हां किनाऱ्यास आणून टाकलीं. मग जागोजाग चिता पेटल्या, त्या कित्येक आठवडे जळत होत्या. त्याच दिवसांत काळे लोक प्रेतांचे दागिने लुटीत आहेत अशा बातम्या देशभर छापल्या गेल्या; त्यांत पुराव्यापेक्षां अफवाच अधिक होती. ज्या शहरानें शनिवारीं रात्रीं दार उघडतांना रंग पाहिला नाहीं, त्यानें सोमवारीं तो पाहिला. हींच तीं माणसें, आणि मध्यें गेला होता एकच दिवस. मदतीच्या कामांत कॅथीड्रलचे फादर जेम्स कर्विन व ज्यू धर्मगुरु हेन्री कोहेन हे दोघे मित्र एकत्र राबले. ७८ वर्षांच्या क्लारा बार्टन बाई रेडक्रॉसचें पथक घेऊन आल्या. ह्या चांगल्या गोष्टीही तितक्याच खऱ्या आहेत.

पुढें शहरानें खरी भिंत बांधली. १९०२ च्या ऑक्टोबरांत काम सुरू होऊन १९०४ च्या जुलैंत १७ फूट उंचीचा, तीन मैलांहून लांब असा पहिला भाग पुरा झाला. मग १९०३ पासून १९११ पर्यंत शहराची जमीनच वर उचलण्यांत आली. दोन हजारांहून अधिक इमारती स्क्रूच्या जॅकांवर चढवून, त्यांच्याखालीं समुद्राची वाळू पाण्याबरोबर नळांतून आणून भरली. तीन हजार टनांचें संत पॅट्रिकचें देऊळ ७०० जॅकांनीं पांच फूट उचललें. ह्या आठ वर्षांत लोक आपल्याच घरांना उंच फळ्यांच्या पुलावरून जात-येत, आणि खालीं चिखल वाळण्याची वाट पाहत. १९१५ सालीं तशाच जोराचें वादळ आलें, तेव्हां भिंतीआड शहरांतले मृत्यु मोजके होते.

अनाथालय १९०१ सालीं पुन्हां उघडलें, ह्या खेपेस शहरांत. दयाभगिनी जेथें जेथें गेल्या तेथें ८ सप्टेंबरास तें ‘लाटांची राणी’ गीत गात आल्या. १९९४ सालीं त्याच तारखेस, अनाथालयाच्या जुन्या जागेजवळ, समुद्रभिंतीवर स्मृतिफलक बसविण्यांत आला. उर्सुलाईन मठाची इमारत आणखी साठ वर्षें शाळा म्हणून नांदली. १९६१ च्या ‘कार्ला’ वादळानें तिला इजा केली, आणि त्यानंतर ती पाडण्यांत आली.